मण्यारीच्या बरणीतलं प्लॅस्टिक

तेजाबाला मी जेवढा भ्यालो, तेवढं परभणी जिल्ह्यात वाघाला कुणी भ्यालं नसेल. आता तुम्ही म्हणाल, परभणी जिल्ह्यात वाघ कुठं आहे? नव्हताच, म्हणून लोक निवांत होते. तेजाब, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, मात्र होतं. सोनपेठच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, तपकिरी बाटलीत ते बसून होतं. आणि त्या कॉलेजात रसायनशास्त्राचा मास्तर होतो मी.

त्या कपाटासमोरून जाताना मी पाठ भिंतीला घासत जायचो. सहा वर्षांत भिंतीचा चुना गेला, माझ्या शर्टांच्या पाठी पांढऱ्या झाल्या, पण कपाटाचं दार मी एकदाही स्वतः उघडलं नाही. माझी भीती एवढी थोराड होती, की एस.टी.त शेजारी बसवली असती तर कंडक्टरनं तिचं पूर्ण तिकीट फाडलं असतं.

असला माणूस रसायनशास्त्राचा मास्तर झालाच कसा, हे सांगायला पाहिजे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी शेजारच्या पोराच्या हातून एक थेंब माझ्या मांडीवर पडला. नव्या टेरिकॉटच्या पँटला बोराएवढं भोक पडलं, खालच्या कातड्यालाही. पुढचं वर्ष प्रॅक्टिकलचं, म्हणजे तेजाब हाताळायला शिकायचं. आणि त्याच वर्षी नामांतरावरून मराठवाडा पेटला. कॉलेज बंद, गाड्या बंद. उघडलं तेव्हा परीक्षा उंबऱ्यावर आलेली. प्रॅक्टिकल न घेता नुसती जर्नलं तपासून मार्क दिले. मी दुसऱ्याच्या जर्नलवरून निरीक्षणं उतरवली होती, अक्षर माझं देखणं, मला पन्नासात अठ्ठेचाळीस पडले. खेड्यापाड्यांत त्या दिवसांत लोकांची घरं जाळली, माणसं लेकराबाळांसकट रानात लपून राहिली. माझं काय गेलं होतं? नुसतं प्रॅक्टिकल. त्यामुळं ही तक्रार मी कुणापाशी केली नाही. पण तेजाबाची बाटली कशी धरायची हे न शिकताच मी पदवीधर झालो, ते झालोच.

मग सहा वर्षं मी सगळे प्रयोग फळ्यावर केले. रंगीत खडू घेऊन असा जळता बर्नर काढायचो, की पुढच्या बाकावरच्यांना घाम फुटावा. 'बहुवारिके', म्हणजे प्लॅस्टिक-नायलॉनचा धडा, तर माझा हातखंडा. एखादं पोरगं विचारायचं, "सर, तुमी सोताच्या हातानं केलंय का हो नायलॉन?"

"केलंय का म्हणजे?" मी खडू खाली ठेवायचो. "परभणीला असताना चंचुपात्रातून नायलॉनचा धागा जो ओढत निघालो, तो वर्गाबाहेर, शहराबाहेर, थेट पोखर्णीला. नरसिंहाच्या देवळाला सात वेढे घातले, तरी मागं चंचुपात्रात धागा निघायलाच होता. शेवटी पुजारी म्हणले, बाबा, आता कापा."

पोरं हसायची आणि निम्मी खरं मानायची. जर्नलात मात्र सगळे माझ्या मजकुरावरून लिहायचे: युरिया आणि फॉर्मलिन घेतले, तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकले, पांढरा घन पदार्थ मिळाला. खाली माझी सही. असला पांढरा पदार्थ आमच्या कॉलेजात कागदावर इतका मिळाला होता, की खरा असता तर गोदावरीला बांध घालता आला असता.

एके दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. मोठ्या देहाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्या दिवशी आवाज बारीक निघत होता.

"सर, तपासणी येतेय. विज्ञान शाखेची मान्यता संपली. औरंगाबादहून साहेब येणार, आणि प्रात्यक्षिक डोळ्यांसमोर बघणार. त्यांनी धडासुद्धा कळवलाय. प्लॅस्टिक करून दाखवा म्हणतेत."

"फळ्यावर?"

"फळ्यावर काय? चंचुपात्रात! न्हाई जमलं तर शाखा बंद. तुमी घरी, मी निम्मा घरी, आन् ही तेवीस लेकरं परभणीला. किती जातील परभणीला? मोजा बरं."

मी मोजली. सात-आठ जातील. बाकीची रानात. आणि एक पोरगी होती मेंढरंवाल्याच्या घरची. वर्गात एवढी एकच मुलगी. वस्तीवरून चार मैल चालत यायची. तिचा बाप प्रवेशाच्या दिवशी घोंगडी खांद्यावर टाकून मला म्हणाला होता, "सर, परभणीला मी पाठवनार न्हाई. हितं हाय म्हून शिकू द्यायलोय. पोरगी तुमच्या भरवशावर." त्या वेळी मी छाती फुगवून म्हणालो होतो, "बिनघोर राहा." आता ती छाती कुठं ठेवावी कळेना.

प्राचार्य म्हणाले, "पोखर्णीला नारळ बोललोय मी."

"किती?"

"एक."

"पाच बोला," मी म्हणालो.

तयारी सुरू झाली. युरियाचा प्रश्नच नव्हता; एका पोरानं शेतावरच्या खताच्या पोत्यातून अर्धी पिशवी आणून टाकली. अडलं फॉर्मलिनपाशी. रसायनाच्या कपाटात फॉर्मलिनची बाटली होती, पण तिच्यात कुणीतरी गोडंतेल ठेवलं होतं. मग प्रयोगशाळेचे परिचर पुढं आले. साठीकडं झुकलेला, कमी बोलणारा माणूस. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. नामांतराच्या दंगलीत त्यांच्या गावातली त्यांची वस्ती जाळली होती, तेव्हापासून ते सोनपेठला आलेले. तेजाबाची बाटली ते अशी उचलायचे, जसं आपण दुधाचं भांडं उचलतो.

"फारमोलिन हाय की सर," मामा म्हणाले. "जीवशास्त्राच्या कपाटात. मण्यारीच्या बरणीत."

होती खरी. हात-दीड हात लांबीची काळी मण्यार, पांढऱ्या पट्ट्यांची, कुजू नये म्हणून काचेच्या उंच बरणीत फॉर्मलिनमध्ये वेटोळं करून बसलेली. शेजारच्या बरणीत एक फुगलेला बेडूक. मण्यारीचे डोळे पांढरे पडलेले, तरी ती माझ्याकडंच बघत होती. मामांनी चिमट्यानं तिला काढून परातीत ठेवलं, बरणीतलं पाणी फडक्यातून गाळून घेतलं, आणि म्हणाले, "बेडकाचं घिऊन आधी एकदा करून बघा. हात बसंल."

"फॉर्मलिन वाया कशाला घालवायचं?" मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना खरं कारण कळलं होतं. मग हळूच म्हणाले, "भ्या की सर. भेनं वाईट न्हाई. फकस्त हातातलं टाकून पळू नका. आमी पळालोय, म्हून सांगायलोय. लय वाईट असतंय."

मी परातीतल्या मण्यारीकडं बघत उभा राहिलो.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून मी मधलं टेबल सात वेळा पुसलं. आठव्यांदा पुसणार, तोच देवगाव फाट्याकडून आलेली जीप आवारात शिरली. साहेब उतरले. सफारीतला सडपातळ, वयस्क माणूस. आवाज इतका हळू, की ऐकायला वाकावं लागायचं, आणि वाकलं की माणूस आपोआप गुन्हेगारासारखा दिसतो. प्रयोगशाळेत तेवीस पोरं भिंतीला लागून उभी केलेली. मधल्या टेबलावर सामान. साहेब खुर्चीवर बसले नाहीत. माझ्या उजव्या कोपरापाशी येऊन उभे राहिले.

"करा सुरुवात," ते म्हणाले.

मी मण्यारीचं फॉर्मलिन चंचुपात्रात ओतलं. नाकाडोळ्यांत असा वास घुसला, की सगळ्यांत आधी प्राचार्य रडले. त्यात युरिया टाकला, काचेच्या कांडीनं ढवळला. आणि हातातलं चंचुपात्र गार पडायला लागलं. हो, गार! युरिया विरघळताना उष्णता ओढून घेतो, हे पुढं मी पन्नास वेळा शिकवलं. पण त्या घटकेला मला एवढंच वाटलं, की माझ्या हाताचा जीव चाललाय. बोटांपासून सुरुवात झालीय आणि थोड्या वेळात खांद्यापर्यंत मी मेलेला असेन.

मामांनी तेजाब मोठ्या बाटलीतून लहान बाटलीत काढून ठेवलं होतं. मी ड्रॉपर बुडवला. पहिला थेंब. श्वास रोखला. काही नाही. दुसरा. काही नाही. तिसरा, चौथा, पाचवा. चंचुपात्रातलं पाणी माझ्याकडं बघतंय, मी पाण्याकडं.

"सर, व्हायलंय ना?" प्राचार्यांनी मागून विचारलं.

"व्हायलंय. पिकायला वेळ लागतो त्याला."

"आंबा हाय का तो?" भिंतीपासून कुणीतरी कुजबुजलं. दोघंतिघं फिसकन् हसली.

मामा खोटंच फडकं फिरवत माझ्याजवळ आले आणि कानापाशी म्हणाले, "सर, एक सांगायचं ऱ्हायलं. उन्हाळ्यात बरणी आटती. दरसाली मी वरून पानी घालत हुतो. मण्यार उघडी पडंल म्हून."

म्हणजे माझ्या हातात फॉर्मलिन कमी आणि सोनपेठच्या आडाचं पाणी जास्त होतं. माझ्या मानेवरून घाम निघाला तो कमरेपर्यंत गेला. साहेबांनी घड्याळात बघितलं. मला ती पोरगी दिसली. दोन वेण्या, हात मागं बांधलेले, ओठ घट्ट मिटलेले. मी लहान बाटली उचलली. थेंब थेंब पुरे झाले, जरा अंदाजानं धार सोडू म्हटलं. माझा अंदाज ठीक होता, हात ठीक नव्हता. हात हलला आणि दोन चमचे तेजाब एकदम आत गेलं.

चर्रर्र! तापल्या तेलात ओलं भजं पडावं तसा आवाज झाला. वाफ उसळली. गार चंचुपात्र पापणी लवायच्या आत चुलीवरच्या तव्यासारखं तापलं. पोरं मागं हटली, एका पोराचं डोकं खिडकीच्या दांडीला आपटलं. साहेब एक पाऊल मागं सरकले. आणि माझ्या डाव्या मनगटावर काहीतरी पडलं. आधी तेलकट वाटलं. मग निखारा.

पाण्याचा माठ दहा पावलांवर होता. दहा पावलं गेलो, की साहेबांना कळणार, मास्तराला साधे थेंब टाकता येत नाहीत. मी डावा हात पँटच्या खिशात घातला आणि उजव्यानं ढवळत राहिलो. तेवढ्यात पाणी दुधाळ झालं. दुधाचं दही झालं, दह्याचा चुना, चुन्याचा दगड. कांडी फिरायची थांबली. मी कांडी वर उचलली, तर तिच्यासोबत अख्खं चंचुपात्र वर आलं. आत पांढरा, टणक, खडबडीत गोळा.

"बहुवारिक," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता. "घन पदार्थ. पांढरा. उष्णतेनं पुन्हा वितळत नाही."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी डोळे पुसले. वासानं का आनंदानं, देव जाणे. खिशातला हात माझ्या मालकीचा राहिला नव्हता. तिथं कुणीतरी सुई तापवून तापवून टोचत होतं आणि मी हसत होतो. एवढं हसणं मी लग्नाच्या फोटोतसुद्धा हसलो नाही.

साहेबांनी टेबलावरची जर्नलं चाळली. एक जर्नल उघडं धरलं.

"हे कोणाचं?"

मेंढरंवाल्याची पोरगी पुढं आली.

"छान लिहिलंय. पाच थेंब, दोन मिनिटं, पांढरा घन. केलंस ना स्वतः?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी हसतच होतो. तिनं मान हलवली, पण ती आडवी होती का उभी, नकाराची का होकाराची, हे ठरवता येईना.

"मग आता एकदा करून दाखव," साहेब म्हणाले. "शिक्षकांना येतं हे पाहिलं. मान्यता मुलांना येतं का यावर ठरते."

"मामा, बेडकाची बरणी!" प्राचार्य गरजले. त्यांचा आवाज परत आला होता.

बेडकाचं फॉर्मलिन आलं. दुसरं चंचुपात्र आलं. पोरीनं युरिया घातला, ढवळला. तिचा हात स्थिर होता, माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर. मला वाटलं, होऊन जाईल. गप्प राहा. दोन मिनिटांत शाखा वाचेल, ही पोरगी इथंच शिकेल, तू इथंच शिकवशील. तिनं ड्रॉपर उचलून लहान बाटलीत बुडवला, वर काढला. तेव्हा मला दिसलं. ड्रॉपरच्या रबराला चीर गेली होती. जुनं रबर, तेजाबानं खाल्लेलं. चिरेच्या तोंडाशी एक थेंब बाहेर लटकत होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. पोरीनं रबराला पुन्हा चिमटा घेतला असता तर तो तिच्या बोटांवर आला असता, नाहीतर थेट तोंडावर. आणि ती वाकून, चंचुपात्रात डोळे घालून बघत होती.

"थांब!"

मी ओरडलो. लोक सांगतात, बाजारतळावर माल उतरवणाऱ्या हमालांनी ते ऐकून पोती खाली टाकली. असेलही. मला एवढंच आठवतं, की पोरगी जागच्या जागी गोठली. मामांनी दोन ढांगांत येऊन तिच्या हातातला ड्रॉपर अलगद, उभाच्या उभा काढून घेतला.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

मी खिशातून डावा हात काढला. मनगटावर तांबडा-करडा डाग पडला होता, कातडं सुटायला लागलं होतं, खिशाच्या अस्तराचे धागे त्याला चिकटलेले.

"साहेब, मी हिच्या हातात तेजाब देणार नाही," मी म्हणालो. "तिला शिकवलेलंच नाही. कुणालाच शिकवलेलं नाही. जर्नलं सगळी माझ्यावरून लिहिलेली आहेत, आणि मी दुसऱ्यावरून. आज मी हे पहिल्यांदा केलं."

प्राचार्य मटकन् खुर्चीवर बसले. साहेबांसाठी आणलेली खुर्ची होती ती. मामांनी माठच उचलून आणला आणि माझ्या मनगटावर ओतायला लागले. पाणी टेबलावरून, माझ्या बुटांवरून, भिंतीपर्यंत गेलं.

तेवढ्यात मागून एक आवाज आला, अगदी निरागस. "सर, मंग ते पोखर्णीचं नायलॉन?"

"गप रे भाड्या," दुसरा म्हणाला.

साहेबांनी मनगट जवळ घेऊन बघितलं, ड्रॉपरचं रबर बघितलं, पोरीचं जर्नल पुन्हा बघितलं. मग कागदावर लिहीत बसले. उभ्यानंच, खुर्चीवर प्राचार्य होते. लिहून झालं, कागद घडी करून सफारीच्या खिशात गेला, जीप निघून गेली. प्राचार्य माझ्याकडं न बघता म्हणाले, "बरं झालं, एकच नारळ बोललो होतो."

पुढचा महिना मी कसा काढला ते विचारू नका. पोस्टमनची सायकल लांबून दिसली, की मी वर्गात बोलता बोलता अडखळायचो. मनगटाची जखम भरत आली, हाताची थरथर जात नव्हती. ती पोरगी रोज चार मैल चालत येत होती. शाखा बंद झाली तर हे चालणं माझ्यामुळं थांबणार, हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. एकदा तिचा बाप बाजारात भेटला. मी कांद्याच्या ढिगामागं लपलो. त्यानं मला पाहिलं, कांदे घेतले, आणि न बोलता गेला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या रात्री झोपलो असतो.

शेवटी पत्र आलं. प्राचार्यांनी ते तीन वेळा वाचलं आणि मला एकदाही दिलं नाही, तोंडीच सांगितलं. मान्यता एका वर्षाची. अट एक: प्रत्येक प्रयोग प्रत्येक मुलानं स्वतःच्या हातानं करायचा, आणि साहेब न कळवता कधीही येणार.

"म्हंजे आता दर शनिवारी तेजाब," प्राचार्य म्हणाले. "तुमच्या उपस्थितीत."

पहिल्या शनिवारी मामांनी नवीन ड्रॉपर, गाळलेलं पाणी, आणि बाटलीबंद आणलेलं खरं फॉर्मलिन मांडून ठेवलं. त्याआधी तीन दिवस त्यांनी मला नुसत्या पाण्याचे थेंब टाकायला लावले होते. कोपर टेबलाला टेकवा, श्वास सोडा, मग चिमटा. तेच मी पोरांना शिकवलं, जणू जन्मतःच मला येत होतं. सवय जात नाही हो. मग पहिलं कोण, असं विचारलं तर सगळी भिंतीला चिकटली. मेंढरंवाल्याची पोरगी एकटी पुढं आली.

मी पाण्यानं भरलेली बादली हातात घेऊन तिच्याशेजारी उभा राहिलो. दुसरा हात आधारासाठी टेबलावर ठेवला. तिनं ड्रॉपर भरला, कोपर टेकवलं, आणि थांबली.

"सर, टेबलावरला हात काढा. समदं हलायलंय."

मी हात काढला. तिनं श्वास सोडला आणि मोजत थेंब टाकले. एक, दोन, तीन. चौथ्याला मी डोळे मिटले. चर्र आवाज आला नाही. वास आला, कुणीतरी शिंकलं, आणि मग तिचा आवाज, अगदी माझ्या कानाजवळ.

"झालं सर. घट्ट झालंय. भायेरून हात लावून बघा की."

वर्ग बघत होता. मामा दाराशी उभे होते. मी बादली खाली ठेवली, आणि चंचुपात्राला हात लावला. चांगलंच तापलं होतं, तरी मी हात काढला नाही.